पुरौनी

रायपूरहून पुण्याला निघालेल्या माणसाची बॅग आमच्या घरी कधीच त्याच्या एकट्याची नसायची. निघायच्या आधी आत्याचं पोस्टकार्ड हटकून यायचं, पुढे घरोघरी फोन आले तेव्हा फोन. मजकूर तोच: येताना चारोळी आणा, तिकडची चांगली असते. मग आई गोलबाजारातून आणलेली चारोळी ताटात पसरून निवडायला बसायची. फुटके दाणे एका बाजूला, सबंध दुसऱ्या बाजूला. सबंध तेवढे जुन्या मलमलीच्या तुकड्यात बांधून पुरचुंडीला दोऱ्याचे वेढे द्यायची. फुटके आम्हाला. रायपूरची सगळी अब्रू त्या पुरचुंडीत आहे असा तिचा समज असावा.

पुण्यात ती चारोळी स्टीलच्या चिमुकल्या डब्यात जाई आणि वर्षभर पुरे. श्रीखंडावर आठ-दहा दाणे, बासुंदीत चिमूटभर, दिवाळीत करंजीच्या सारणात खसखशीच्या सोबतीला थोडे. आत्याच्या बोटांतून चारोळी मोजल्यासारखी पडायची. त्याचं मला काही नव्हतं, महाग वस्तू माणूस जपूनच वापरणार. नवल वाटायचं ते याचं की त्या डब्याभोवती वावरणाऱ्या सात-आठ जणांत एकालाही ती कशातून निघते हे माहीत नव्हतं. "झाडाला लागते की वेलाला गं?" आतेबहिणीनं एकदा विचारलं होतं, आणि उत्तर ऐकायला थांबली नव्हती. आता तर चारोळी म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला चार ओळींची कविता आठवते. चंद्रशेखर गोखल्यांच्या 'मी माझा'नं ते नाव इतकं रुजवलं की खरी चारोळी शोधायला जावं तर आधी विरहाच्या ओळी समोर येतात.

तर चारोळी ही बी. फळाचं नाव चार. छत्तीसगढीतही चारच, आणि गडचिरोली, गोंदियाकडच्या माणसालाही हे सांगावं लागत नाही. करवंदापेक्षा लहान, साधारण फालशाएवढं, कच्चं असताना हिरवं आणि पिकल्यावर जांभळटाकडून काळ्याकडे जाणारं. गर नावालाच. दातांनी साल फोडली की जिभेवर आधी गोडी येते, मागून किंचित आंबट, आणि ती चव कुठली हे ओळखेपर्यंत तोंडात नुसती कठीण गुठळी उरते. म्हणून एक चार कुणी खात नाही. मूठभर तोंडात टाकायचे, जिभेनं घोळवायचे आणि गुठळ्या एकेक करून लांब थुंकायच्या. तात्यापाऱ्यातल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर या थुंकण्याच्या शर्यती लागत. मी त्यात माझ्या दोन्ही भावांना हरवत असे. हे पुण्यात कधी बोलले नाही.

झाडाची सोयरीक बघितली तर कोकणातल्या वाचकाला गंमत वाटेल. आंबा, काजू, बिब्बा आणि चार हे सगळे एकाच कुळातले. शास्त्रीय नाव बुकॅनानिया. 1800 साली, टिपू पडल्यानंतर, म्हैसूरचा मुलूख पाहत हिंडलेल्या फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरच्या नावावरून ते पडलं. संस्कृतात हाच प्रियाल. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात शिवाच्या तपोवनात अवेळी वसंत येतो, तेव्हा याच झाडाच्या मोहराची धूळ हरणांच्या डोळ्यांत जाते आणि ती आंधळ्यासारखी धावत सुटतात. शाळेत हा श्लोक शिकवताना आमच्या बाईंनी प्रियाल म्हणजे 'एक प्रकारचा वृक्ष' एवढंच सांगितलं होतं. बाहेर फाटकापाशी त्याच प्रकाराची टोपली घेऊन एक बाई बसलेली होती.

तिला आम्ही दाई म्हणायचो. गरियाबंदकडच्या जंगलातून राजिमवरून यायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी चार-पाच दिवस रायपुरात कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करी आणि टुकनीतला माल संपला की परत. टुकनी म्हणजे बांबूची टोपली. वर पानं पसरलेली, पानांखाली चार, कधी पिवळेधमक तेंदू, म्हणजे आपली टेंभुर्णी. पानाच्या दोन्यात ती एका लहानशा डब्याचं माप ओतायची. माप शिगेपर्यंत भरलं, पैसे दिले, की आई मराठीतून म्हणायची, "वर घाल गं थोडे." दाई छत्तीसगढीतून म्हणायची, "देवत हँव, देवत हँव," आणि मूठभर चार त्या मापाच्या वर टाकायची. मग माझ्याकडे बघून आणखी चार-दोन दाणे थेट माझ्या तळव्यावर: "ले नोनी, पुरौनी."

पुरौनी. मापावर जे घालतात ते. आपल्या पुरवणीची ही मावसबहीण असावी. पण आपली पुरवणी परीक्षेच्या पेपरला आणि रविवारच्या वर्तमानपत्राला जोडली जाते, तिच्यात हाताची मूठ उरलेली नाही. दाईच्या लेखी पुरौनीखेरीज सौदा पुरा होत नसे. मागितली नाही तरी ती द्यायचीच, मागितली तर हसून द्यायची. आईचं मागणं आणि तिचं देणं यात घासाघीस नव्हती. ते एकमेकींना रामराम करण्यासारखं होतं. इतक्या वर्षांत मापापेक्षा पुरौनी जास्त झाली असेल, असं मला आता वाटतं. पण तेव्हा हिशेब कुणी ठेवला होता!

एकदा बाबांना वाटलं की पुण्याच्या मंडळींना फळच खायला घालावं. 1970च्या आसपासची गोष्ट. त्यांनी दाईकडून दोन किलो चार निवडून घेतले, बांबूच्या करंडीत ओली सालपानं घातली, वर ओलं फडकं. गाडीत खिडकीपाशी करंडी मांडीवर घेऊन बसले. मे महिना. नागपूरपर्यंत सगळं ठीक होतं. रात्रीतून वास बदलला. सकाळी दौंडच्या अलीकडे शेजारचे गृहस्थ उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. आत्याच्या दारात करंडी उघडली तेव्हा आतून आंबूस वाफ आली आणि मागोमाग मुंग्या. आत्या म्हणाली, "दादा, ही कसली रे काळी बोरं?" करंडी परसात तुळशीमागे रिकामी झाली. बाबा संध्याकाळपर्यंत काही बोलले नाहीत. पुरचुंडीतल्या चारोळीचं मात्र नेहमीप्रमाणे कौतुक झालं.

आईनंही आपल्या परीनं प्रयत्न केले. मुरंबा करायला घेतला तर शेरभर फळांचा गर वाटीभरही निघेना. हात मात्र दोन दिवस काळे. सरबत केलं, तेही तिसऱ्या दिवशी फसफसलं. शेवटी तिनं नाद सोडला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर गौरीपुढे चारांचा एक द्रोण ठेवायची, तेवढंच. नागपूरकडून नव्यानं बदलून आलेल्या बायका ओळखून लगेच हात घालत. पुण्या-मुंबईहून आलेल्या सुना 'हे खायचं असतं का?' अशा नजरेनं सासूकडे बघत.

आमच्यासारखी घरं रायपुरात कशी आली हे पुण्यात दर लग्नात विचारलं जातं. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य 1741 मध्ये रतनपुरावर आलं. पुढे 1854 पर्यंत या मुलखावर त्यांचा अंमल होता. कुणी कारकून म्हणून, कुणी भिक्षुक म्हणून, कुणी मागाहून रेल्वेबरोबर आलं. माधवराव सप्रे याच वातावरणातले. 1900 साली पेंड्र्यासारख्या रानातल्या गावातून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं, आणि 1926 मध्ये रायपुरात वारले. हिंदीच्या इतिहासात त्यांना मोठी जागा आहे. मराठीत नाव घेतलं की लोक 'कोण सप्रे?' म्हणतात. चारचं आणि चारोळीचं उलटं झालं: तिकडे बी पोचली, फळ इथेच राहिलं. असो. मी पाकाकडे वळते.

कारण चारोळीचा खरा मान आमच्या घरी श्रीखंडावर नव्हता, हलव्यात होता. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस, रायपुरातही हातांना गरम तव्याची आस लागेल इतकी थंडी पडली की, आजी शेगडी पेटवायची. निखारे मंद, वर राख. त्यावर पितळी परात. परातीत एक प्रकारचा दाणा घ्यायचा: कधी तीळ, कधी साबुदाणा, कधी खसखस, आणि सगळ्यांत निगुतीनं चारोळी. साखरेचा एकतारी पाक, दुधानं मळी काढून पांढरा केलेला. चमच्यानं थेंब-थेंब सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे परातीत फिरवत राहायचे. फिरवायचे म्हणजे दाबायचे नाहीत. पाक सुकला की पुन्हा दोन थेंब. घाई केली की गोळा होतो, शेगडी तापली की साखर पिवळी पडते, गप्पांत हात थांबला की काटा बसतो. दिवसभरात दाण्यावर नुसतं धुकं चढायचं. दुसऱ्या दिवशी खरखर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटे. आजीची बोटं पोळून लाल व्हायची आणि ती म्हणायची, "चारोळीला काटा लवकर धरतो. तीळ हट्टी."

त्या पांढऱ्या काटेरी दाण्यांचे दागिने व्हायचे. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि तिच्यावर हलव्याचा हार, बाजूबंद, नथ. वर्षाच्या बाळाला मुकुट आणि बासरी. आणि बाळाचं बोरन्हाण: डोक्यावरून चुरमुरे, उसाचे करवे, हलवा आणि बोरं. बोरं पुण्यात बाजारातली मोठी मिळतात. आमच्याकडे दाईच्याच बहिणी ती रानातली, वाटाण्याएवढी, आंबटढाण आणायच्या. माझ्या भावाच्या मुलाच्या बोरन्हाणात एक बोर त्याच्या नाकावर बसलं आणि तो जो रडायला लागला, तो फोटोतही रडतोच आहे. हलव्याचा दागिना अंगावर दोन तास असतो. मग मुलं तो ओरबाडून खातात. चावलं की साखरेचा पापुद्रा फुटतो आणि आत चारोळी, मऊ, बदामाच्या जवळची, पण बदामाला नसलेली कसली तरी रानट ओल असलेली. एवढी तीन-चार दिवसांची मेहनत दोन तासांच्या शोभेसाठी! आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली असती, मग काय वर्षभर घालून हिंडायचंय?

दाईच्या हातची मेहनत मात्र मी फार उशिरा पाहिली. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं धमतरीकडे काढली तेव्हा. फळं रात्रभर पाण्यात भिजवतात, सकाळी हातानं चोळून साल आणि गर काढून टाकतात, गुठळ्या धुऊन उन्हात वाळवतात. मग जात्याची पाळी सैल ठेवून त्यात गुठळ्या भरडायच्या. फार घट्ट ठेवलं तर आतली बी चिरडते, फार सैल ठेवलं तर कवच हलतही नाही. नंतर सुपात पाखडून, हातानं निवडून. चार-पाच किलो गुठळ्या फोडाव्या तेव्हा कुठे किलोभर चारोळी पदरी पडते. आईनं 'फुटकी' म्हणून बाजूला काढलेली चारोळी म्हणजे कुणाच्या तरी जात्याची पाळी केसभर चुकलेली असायची, हे तेव्हा मला कळलं. पुढे यंत्रं आली. पण सगळीकडे नाही.

तिथेच एका म्हाताऱ्यानं बस्तरच्या जुन्या बाजाराची गोष्ट सांगितली. नवी नाही, या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आमच्या तात्यापाऱ्यात कुणी काढत नसे. जंगलात मीठ पिकत नाही. ते किनाऱ्याकडून बैलांच्या पाठीवर यायचं. व्यापारी मापभर मीठ द्यायचा आणि मापभर चारोळी घ्यायचा. माप सारखं, तक्रारीला जागा नाही. ज्या मापासाठी चार-पाच मापं गुठळी फोडलेली, त्याच मापानं मीठ. त्या सौद्यात पुरौनी कोण कुणाला घालत होतं, हा प्रश्न मी म्हाताऱ्याला विचारला नाही. आईची पुरचुंडी मला एकदम जड वाटली.

आता निदान कागदावर चित्र बदललं आहे. 2006च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली. सरकार आधारभूत किंमत जाहीर करतं. 2020 मध्ये चारोळीच्या गुठळीला किलोमागे 126 रुपये होते. म्हणजे किलोभर चारोळीइतक्या गुठळ्यांचे पाच-सहाशे. पुण्यात तीच चारोळी कितीला मिळते हे वाचकानं आपल्या वाण्याला विचारावं. मी विचारलं होतं, आणि पावशेरावरून शंभर ग्रॅमवर आले.

पण भावापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खुपते. गेल्या काही वर्षांत रायपुरात चार दिसतात ते निम्मे हिरवे. रस्त्याच्या कडेला पसरा मांडून बसलेल्या एका बाईला मी म्हटलं, हे कच्चे का तोडता, चार दिवस थांबलात तर गोडही होतील आणि बीही भरेल. ती म्हणाली, "अब कोनो पाकन नइ देवँय, दीदी." कुणी पिकूच देत नाही. मी थांबले तर शेजारचा तोडेल, शेजारचं गाव तोडेल, फांदीसकट तोडेल. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिला फक्त थांबणं परवडत नव्हतं. पूर्वी थांबायला लावणारी व्यवस्था होती, आणि ती कायद्याची नव्हती. बस्तरात आजही नवा आंबा देवाला वाहिल्याखेरीज तोंडात घालत नाहीत, त्या सणाला मरका पंडुम म्हणतात. देवाला कच्चं कसं देणार? सगळं गाव एका दिवसाची वाट बघायचं, तेवढ्यात झाड आपलं काम उरकून घ्यायचं.

सिएटलला असलेला माझा भाचा दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्यानं काचेच्या बरणीतून जांभळा मुरंबा आणला. हकलबेरीचा. त्या भागातलं हे रानफळ, आपल्या चारांएवढंच आणि त्याच रंगाचं, शेतात लावायला गेलं तर धड येत नाही, डोंगरावरच पिकतं. शेजारच्या आयडाहोनं तर 2000 साली त्याला राज्याचं फळ ठरवलं. मुरंबा, चॉकलेटं, चहा, साबण, प्रवाशानं घरी न्यायची प्रत्येक वस्तू त्याची करतात, असं तो सांगत होता. आम्ही तो पोळीला लावून खाल्ला. बरा होता, पण गुळांब्यासारखा नाही. माझ्या मनात राहिली ती त्यानं सांगितलेली दुसरी हकीकत. मंदीच्या काळात पोटासाठी शहरातली हजारो माणसं त्या डोंगरांवर फळं तोडायला चढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं येणाऱ्या याकामा लोकांना जागा उरेना. 1932 मध्ये त्यांचा प्रमुख विल्यम यॅलप आणि वनाधिकारी ब्रुकार्ट यांनी एकमेकांचा हात हातात घेऊन ठरवलं की फळांच्या रानाचा अमुक भाग याकामांचाच. लेखी काही नाही, नुसता हात. तो शब्द पुढे पाळला गेला. मी भाच्याला म्हटलं, पुढच्या वेळी मुरंबा आणू नकोस, तो हात आण. तो हसला. मीही हसले, पण थट्टा पुरती थट्टा नव्हती.

परवा दिवाळीत भेटी द्यायच्या म्हणून मी वनोपज संघाच्या संजीवनी दुकानात गेले. मोहाचे लाडू, चिंचेच्या वड्या, मध, जांभळाचा रस, आणि छापील पिशवीत चारोळी. बचत गटांच्या बायकांनी केलेलं, नीट बंद केलेलं, वर तारीख. हे सगळं असायलाच हवं. मिठाच्या मापापेक्षा छापील किंमत केव्हाही चांगली, आणि मोहाचा लाडू तर मला फारच आवडला. तरी काउंटरवरच्या मुलीनं पिशव्या मोजून बिल हातात दिलं आणि मी सवयीनं क्षणभर तळवा पुढे धरून उभी राहिले. तिला वाटलं मी सुटे पैसे मागते आहे.

या एप्रिलमध्ये भावाची नात पुण्याहून आली होती. नऊ वर्षांची. तिला घेऊन सकाळी शास्त्री बाजारात गेले तर नशिबानं पिकलेले चार मिळाले, दोन दोने. दाई आता नाही. ही बाई मला ओळखत नव्हती, तिनं मागितल्यावर मूठ घातली. पोरीनं पहिला चार संशयानं खाल्ला, चौथ्याला मूठ भरली. ओट्यावर नसला तरी गच्चीवर थुंकण्याचा कार्यक्रम झाला, पण ती गुठळ्या थुंकून पुन्हा गोळा करून आणायची. "यात चारोळी आहे ना? मग टाकायच्या कशाला?"

धुऊन, दोन दिवस वाळवून, तिसऱ्या दिवशी तिनं खलबत्ता मांडला. जातं घरात नाही. सत्त्याण्णव गुठळ्या होत्या, तिनं वहीत लिहिलं होतं. दुपारभर ठोकाठोक चालली. पहिल्या वीसेक तर कवचासकट पीठ झाल्या. मग हाताला अंदाज आला. संध्याकाळी तिच्या वाटीत एकतीस सबंध दाणे होते आणि अंगठ्याला एक काळानिळा डाग. रात्री श्रीखंड होतं. पुण्याहून तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या वहिनीचा, फोन आला, चारोळी पाठवशील ना म्हणून. मी हो म्हटलं आणि पोरीला म्हटलं, आण ती वाटी, सगळ्यांच्या श्रीखंडावर थोडी-थोडी घालू.

ती वाटी घट्ट धरून बसली. मग उठून प्रत्येकाच्या वाटीत दोन-दोन दाणे मोजून टाकले, माझ्यापाशी आली, तीन टाकले, आणि उरलेले फडक्यात बांधून स्वतःच्या बॅगेत ठेवले.